एलसीपी भरत नाही म्हणून टेम्परेचर वाढवताय? आधी स्पीड बघा

पाव्हणं, प्रश्न नीट वाचला, थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गोकुळ शिरगावला तुमचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, नायलॉन आणि पीबीटी (पॉलिएस्टर जातीचं प्लास्टिक) वर्षानुवर्षं चालवताय, आणि आता पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाने ३० टक्के ग्लासवाल्या लिक्विड क्रिस्टल पॉलिमरमध्ये म्हणजे एलसीपीमध्ये कनेक्टर मागितलाय, भिंत ०.४ मिलिमीटर. तक्रारी चार. एक, एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे ठरावीक वजनाखाली वितळलेलं प्लास्टिक बारीक भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर येतं तो आकडा) दोनदा काढला आणि दोन्ही वेळा वेगळाच आला. दोन, पार्ट शॉर्ट जातोय म्हणजे पूर्ण भरत नाही, बॅरल (मशीनची दाणा वितळवणारी नळी) २९० अंशांवरून ३३० पर्यंत नेलं तरी फरक नाही, उलट नोझल गळायला लागलं आणि पार्टवर फोड आले, पण ऑपरेटरने चुकून इंजेक्शन स्पीड वाढवला तर पार्ट एकदम भरला आणि फ्लॅशसुद्धा (साच्याच्या फटीतून बाहेर येणारा पातळ पापुद्रा) आली नाही. तीन, पिनच्या भोकांमधल्या रेषेवर पार्ट हाताने मोडतोय. चार, पार्ट वाकतोय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मटेरियलमध्ये भेसळ आहे का, सप्लायर फसवतोय का.

मला तरी तसं वाटत नाही. तुम्ही लिहिलेली चारही लक्षणं चांगल्या, चोख एलसीपीची आहेत. अडचण अशी आहे की हे मटेरियल वितळल्यावर कसं वाहतं याचा हिशोब पीबीटीपेक्षा वेगळा आहे आणि तुम्ही पीबीटीच्या सवयीने मशीन चालवताय. ज्याने आयुष्यभर नायलॉन चालवलंय तो शॉर्ट दिसला की आधी टेम्परेचरकडेच जाणार, त्यात काही नवल नाही.

काही गोष्टी मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही. ग्रेडचं नाव तुम्ही लिहिलं नाही, आणि एलसीपीत ग्रेडनुसार मेल्टिंग पॉइंट २८० पासून पार ३३० च्या वर जातो. २९० ला तुमचा दाणा वितळतोय म्हणजे २८० वाला असणार असं धरून चालतो. तसं नसेल तर खालचे टेम्परेचरचे आकडे तुम्हाला लागू नाहीत, बाकीचं लागू आहे. मशीन किती टनाचं, बॅरल किती मोठं, डायमध्ये (साच्यात) गेट म्हणजे मटेरियल आत शिरण्याचं तोंड कुठे हेही माहीत नाही, आणि वेल्ड लाइनचं (दोन प्रवाह भेटतात त्या रेषेचं) उत्तर तर निम्म्याहून जास्त गेटवरच अवलंबून आहे.

आता मूळ गोष्ट. पीबीटी, पीपी, नायलॉन यांचे रेणू लांब आणि लवचिक असतात, वितळले की एकमेकांत गुंतून पडतात आणि हा गुंताच व्हिस्कॉसिटी म्हणजे घट्टपणा वाढवतो. एलसीपीचे रेणू ताठ असतात, बेंझीन आणि नॅफ्थलीनची कडी एकापुढे एक जोडलेली, त्यामुळे वाकायला वावच कमी. व्हेक्ट्रा हा सगळ्यात माहितीतला ब्रँड १९८० च्या दशकात आला, त्याची मूळ ए ग्रेड म्हणजे हायड्रॉक्सीबेंझोइक आम्ल ७३ भाग आणि हायड्रॉक्सीनॅफ्थॉइक आम्ल २७ भाग. असे ताठ रेणू वितळल्यावरसुद्धा आपापल्या शेजाऱ्यांना समांतर राहतात, म्हणजे मटेरियल द्रव झालं तरी त्यातली शिस्त जात नाही. गुंता जवळजवळ नाहीच, त्यामुळे सगळे एका दिशेला लागले की एकमेकांवरून सहज सरकतात.

याचा पुरावा फार सुंदर आहे. ईस्टमन कंपनीत जॅक्सन आणि कुहफस या दोघांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात साध्या पीईटीमध्ये (बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये) हायड्रॉक्सीबेंझोइक आम्ल वाढवत नेलं. ताठ भाग वाढवल्यावर मेल्ट (वितळलेलं मटेरियल) अजून जाड व्हायला पाहिजे असंच कुणालाही वाटेल आणि सुरुवातीला तसं झालंही, पण एका प्रमाणानंतर व्हिस्कॉसिटी एकदम खाली कोसळली आणि ६०-७० मोल टक्क्यांच्या आसपास सगळ्यात कमी झाली. त्याआधी १९६५ मध्ये ड्यूपॉन्टमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी केव्हलार या मजबूत तंतूच्या वाटेवर असताना असंच एक द्रावण बनवलं होतं, पातळ आणि गढूळ. ते द्रावण होतं आणि आपलं मेल्ट आहे, पण ताठ रेणू एका रांगेत लागले की पातळपणा येतो हे दोन्हीकडे सारखंच.

पण "सगळे एका दिशेला" हे फक्त छोट्या छोट्या भागांपुरतं खरं असतं. मेल्ट नुसतं पडून असेल तर त्यात सूक्ष्म आकाराचे असंख्य भाग असतात, प्रत्येक भागात रेणू समांतर, पण एका भागाची दिशा शेजारच्या भागापेक्षा वेगळी. हळू ढकललं तर हे भाग एकमेकांना अडतात आणि मेल्ट घट्ट वाटतं. जोरात ढकललं की भाग फुटतात, बारीक होतात, सगळे प्रवाहाच्या दिशेला वळतात आणि तेच मेल्ट पातळ होतं. ओनोगी आणि असादा या जपानी संशोधकांनी १९८० मध्ये याचे तीन टप्पे मांडले: अगदी कमी शिअर रेटला (थर एकमेकांवरून सरकण्याच्या वेगाला) व्हिस्कॉसिटी घसरत जाते, मग मध्ये जरा सपाट, मग जास्त शिअरला परत घसरण. बाजारातल्या प्रत्येक ग्रेडमध्ये मधला सपाट भाग दिसेलच असं नाही, पण पहिला टप्पा आपल्या कामाचा आहे. पीबीटीला हळू ढकललं की व्हिस्कॉसिटी एका ठराविक आकड्याला येऊन थांबते. इथे ती थांबत नाही, जितकं हळू तितकं घट्ट.

आता यावरून तुमचा एमएफआय बघू. एमएफआयच्या मशीनमध्ये २.१६ किलोचं वजन, सुमारे २.१ मिलिमीटरचं भोक. समजा आकडा १० आला तर हिशोब करून बघा, भोकाच्या भिंतीजवळ शिअर रेट दहा-पंधरा प्रति सेकंदच्या आसपास निघतो. आता तुमचा पार्ट घ्या. ०.४ जाडीची, समजा १२ मिलिमीटर रुंदीची वाट, आणि मशीन सेकंदाला ८ घन सेंटिमीटर मटेरियल ढकलतंय. सपाट वाटेचं सूत्र म्हणजे सहा गुणिले प्रवाह भागिले रुंदी गुणिले जाडीचा वर्ग. उत्तर येतं २५,००० प्रति सेकंद. म्हणजे एमएफआय ज्या वेगाला मोजतो त्याच्या जवळजवळ दोन हजारपट वेगाला तुमचा पार्ट भरतो. पीबीटीत हा फरक असूनही एमएफआय दोन लॉटची तुलना करायला चालून जातो. एलसीपीत तो बरोबर त्या घट्ट टप्प्यात मोजला जातो, जिथे मेल्टची अवस्था आधी काय झालं त्यावर ठरते. किती दाबून भरलं, किती मिनिटं थांबलं, आधी किती तापवलं, सगळं त्या आकड्यात उतरतं. म्हणून दोनदा दोन आकडे. लॅबवाल्यावर चिडू नका.

कंपन्यांच्या डेटाशीटवर बघा, एमएफआय बहुतेक देतच नाहीत. मेल्ट व्हिस्कॉसिटी देतात, कॅपिलरी रिओमीटरवर (बारीक नळीतून ढकलून घट्टपणा मोजणाऱ्या यंत्रावर), १००० प्रति सेकंदला, मेल्टिंग पॉइंटच्या थोडं वर मोजलेली. बऱ्याच ग्रेडचा आकडा १०० पास्कल-सेकंदच्या खालीच असतो. सप्लायरकडून लॉटचं सर्टिफिकेट मागा आणि त्यात हाच आकडा मागा. भेसळीची शंका फेडायची असेल तर हा रस्ता सरळ आहे.

आधी किती तापवलं याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बरेच जण गोंधळतात. या पॉलिमरमध्ये काही बारीक स्फटिक असे असतात जे मुख्य मेल्टिंग पॉइंटच्या वरही टिकून राहतात. दाणा जेमतेम २८५ पर्यंत नेला तर ते स्फटिक मेल्टमध्ये तसेच राहतात आणि मेल्ट जाड वाटतं. तेच मेल्ट आधी ३१०-३२० ला नेऊन परत २८५-२९० ला आणलं तर बरंच पातळ निघतं. म्हणजे आताचं टेम्परेचर तेच, व्हिस्कॉसिटी वेगळी. म्हणून माझ्या अनुभवात बॅरलच्या मागच्या झोनला फार कंजूषपणा करू नये, दाणा नीट पूर्ण वितळू द्यावा. पण पूर्ण वितळल्यावर त्याच्या पुढे टेम्परेचर वाढवून व्हिस्कॉसिटीत जो फायदा मिळतो तो स्पीडने मिळणाऱ्या फायद्यापुढे किरकोळ आहे. टेम्परेचर तीस-चाळीस अंश वाढवायला अर्धा तास जातो, स्पीड तुम्ही पुढच्याच शॉटला दुप्पट करू शकता.

आणि पातळ भिंतीत अजून एक गोष्ट आहे. एलसीपी गोठताना फार कमी उष्णता सोडतं. पीबीटीला ग्रॅममागे ४०-५० जूल काढावे लागतात, इथे बहुतेक एक आकडी. वितळलेल्या आणि गोठलेल्या अवस्थेतल्या रचनेत फरकच थोडा, म्हणून. याचा फायदा सायकल टाइमला मिळतो, तुमचा गिऱ्हाईक त्यावर खूश होईल. पण तोटा असा की ०.४ च्या भिंतीत मटेरियल जरा रेंगाळलं की गोठलंच. हळू भरताना तुम्ही दोन्हीकडून मार खाता, एकतर हळू आहे म्हणून मेल्ट घट्ट आणि वरून ते गोठतंय. अशा वेळी बॅरल ३३० केलं काय नि ३४० केलं काय, शॉर्ट तो शॉर्टच.

तुमच्या ऑपरेटरने चुकून जे केलं तेच बरोबर. फ्लॅश का आली नाही याचंही उत्तर त्याच टप्प्यात आहे. पोकळी भरत असताना मेल्ट वेगात आहे, पातळ आहे. पोकळी भरली, वेग शून्यावर आला, त्या क्षणी मेल्ट परत घट्ट झालं आणि लगेच गोठलंही, पार्टिंग लाइनच्या (डायचे दोन भाग मिळतात तिथल्या) फटीत शिरायला वेळच मिळाला नाही. नायलॉनमध्ये असा स्पीड दिला असता तर दिवसभर ब्लेडने फ्लॅश काढत बसावं लागलं असतं. पण म्हणून डाय कशीही चालेल असं समजू नका. पार्टिंग झिजलेली असेल किंवा क्लॅम्प म्हणजे डाय दाबून धरणारा जोर कमी पडत असेल तर त्या वेगाला तीसुद्धा दगा देते. व्हेंट (हवा जाण्याच्या फटी) ०.०१५-०.०२ मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि भरपूर ठेवा. एवढ्या वेगाने भरताना हवा बाहेर पडायलाच पाहिजे, नाहीतर शेवटच्या कोपऱ्यात काळं जळकं दिसेल आणि तुम्ही परत मटेरियलला शिव्या घालाल.

होल्डिंग प्रेशरचंही (पोकळी भरल्यावर धरून ठेवलेल्या दाबाचंही) तेच. नायलॉनच्या सवयीने लोक पाच-सहा सेकंद होल्ड ठेवतात, इथे गेट त्याच्या कितीतरी आधी बंद होतो. छोट्या पार्टला एखाद्या सेकंदाच्या पुढे होल्ड देऊन काही मिळत नाही, पार्टचं वजन करून बघा, वजन वाढायचं थांबलं की होल्ड थांबवायचा.

फोड आणि नोझल गळणं. हे ३३० ने आणलंय असं माझं मत आहे, पण ओलावा आणि बॅरलमध्ये मटेरियल किती वेळ पडून राहतं हेही तपासा. एलसीपी पाणी फार कमी शोषतं म्हणून लोक ड्रायिंग हलक्यात घेतात. पण हे पॉलिएस्टर आहे, वितळलेल्या अवस्थेत पाण्याचा अंश असला तर साखळी तुटते. १५० अंशाला ४ ते ६ तास, ओलावा ०.०१ टक्क्याच्या खाली, आणि सुकवलेला दाणा उघड्या हॉपरमध्ये ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे जी हवा असते त्यात तर अजिबात नाही. दुसरं, तुमचा कनेक्टर म्हणजे शॉटचं वजन थोडं, आणि बॅरल नायलॉनच्या मोठ्या पार्टसाठी घेतलेलं असेल तर मटेरियल आत बराच वेळ शिजत बसतं. शक्य असेल तर छोट्या बॅरलच्या मशीनवर लावा. एमआयडीसीत लाइट गेली आणि बॅरल भरलेलं राहिलं तर परत सुरू करताना आधी नीट पर्ज करा, ते मटेरियल पार्टमध्ये जाऊ देऊ नका.

नोझल गळतं कारण मेल्ट मुळातच पातळ आहे. मग लोक सक-बॅक (शॉटआधी स्क्रू थोडा मागे ओढणं) वाढवतात, त्याने हवा आत ओढली जाते आणि ती हवा पार्टमध्ये फोड होऊन बसते. कधीकधी फोड मोल्डिंगला दिसतही नाहीत, गिऱ्हाइकाकडे रिफ्लो ओव्हनमध्ये (सोल्डरिंगच्या भट्टीत) २६० अंशाला गेल्यावर वर येतात, आणि तेव्हा भांडण मोठं होतं. सक-बॅक अगदी थोडं, बॅक प्रेशर कमी, स्क्रूचा वेग जास्त नको कारण ग्लास तुटतं. नोझलचं टेम्परेचर एकेक पायरी खाली आणा, गळणं थांबलं पण नोझल गोठत नाही अशी जागा सापडते. ती जागा अरुंद आहे, नोझलचा थर्मोकपल धड नसेल तर सापडतच नाही.

आता वेल्ड लाइन. तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग हाच आहे आणि मशीनच्या सेटिंगवर सुटेल अशी आशा मी देणार नाही.

कोल्हापुरात फाउंड्रीची माणसं घरोघरी आहेत, तुम्ही कुणालाही विचारलं तर तो म्हणेल हा कोल्ड शट आहे. दोन बाजूंनी आलेले प्रवाह भेटले पण थंड असल्यामुळे जुळले नाहीत. लोखंडात ते बरोबर आहे, आणि इलाजही तोच, ओतायचं तापमान वाढवा. दिसायला एलसीपीची वेल्ड लाइन अगदी तशीच. पण कारण वेगळं आहे म्हणून इलाजही वेगळा. नायलॉनमध्ये गरम केलं की लवचिक साखळ्या सीमा ओलांडून पलीकडे गुंततात आणि जोड सुधारतो. एलसीपीत ओलांडायला कुणी तयारच नसतं. बघा, मेल्ट पोकळीत शिरताना पुढचं टोक कारंज्यासारखं मधून पुढे येऊन दोन्ही भिंतींकडे पसरतं. या टोकावर रेणू ताणले जाऊन टोकाच्या पृष्ठभागाला समांतर झोपतात. ग्लास फायबरही तसेच झोपतात. आता पिनच्या भोवतीने दोन टोकं समोरासमोर येऊन भिडली की दोन्हीकडचे रेणू भिडण्याच्या रेषेला समांतर, रेषा ओलांडणारा जवळजवळ कुणीच नाही. वर हे रेणू एकदा लागलेली दिशा सोडायला फार वेळ घेतात आणि गोठायला मात्र वेळ घेत नाहीत, त्यामुळे भिडल्या क्षणीची अवस्था तशीच कायम होते. ताकद सरळ भागाच्या निम्म्याहून खाली जाणं ही या मटेरियलमध्ये नेहमीचीच गोष्ट. डाय गरम करा, स्पीड वाढवा, थोडाफार फरक पडतो, पण रेणूंची दिशा बदलत नाही तोपर्यंत जोड जोड होत नाही.

मग करायचं काय. पहिली गोष्ट, वेल्ड लाइन घालवता येत नसेल तर हलवा. पिनची भोकं आहेत म्हणजे प्रत्येक भोकामागे वेल्ड लाइन येणारच, पण ती कुठे यावी हे गेट ठरवतं. लांब कनेक्टरला मधून गेट दिला की बहुतेक वेळा लाइन नको तिथे येते, एका टोकाकडून गेट दिला तर प्रवाह एकाच दिशेने पूर्ण लांबीतून जातो आणि भोकामागे भेटलेली टोकं थांबत नाहीत, एकत्र पुढे वाहत राहतात. हा फरक फार महत्त्वाचा आहे. समोरासमोर धडकून थांबलेली वेल्ड लाइन सगळ्यात वाईट, भेटून पुढे वाहणारी बरीच बरी, कारण पुढच्या प्रवाहात रेणू परत फिरतात. दोन गेट असतील तर एक बंद करून ट्रायल घ्या, खर्च काहीच नाही आणि उत्तर लगेच मिळतं.

दुसरी गोष्ट, ओव्हरफ्लो. जिथे वेल्ड लाइन येते तिथून पोकळीच्या बाहेर एक छोटा कप्पा काढायचा. भेटलेलं मेल्ट त्या कप्प्यात शिरतं, म्हणजे भेटल्यानंतरही त्या जागेतून प्रवाह चालू राहतो आणि समांतर झोपलेले रेणू विस्कटतात. मग तो कप्पा तोडून टाकायचा. शिरोलीत आम्ही एका सेन्सर हाउसिंगला हे केलं. मशीनची कुठलीही सेटिंग जे करू शकली नव्हती ते टूलरूमच्या एका दिवसाच्या कामाने झालं. मटेरियल थोडं वाया जातं, पण दळून रिग्राइंड म्हणून ठरावीक प्रमाणात परत वापरता येतं, फक्त गिऱ्हाइकाची लेखी परवानगी घ्या कारण इलेक्ट्रिकल पार्टमध्ये यावरून पुढे वाद होतात.

तिसरी, वेल्ड लाइनच्या जागी व्हेंट आहे का बघा. नसेल तर दोन टोकांमध्ये हवा अडकते, आणि मग आधीच कमजोर जोड अजून कमजोर.

आणि एक सवय सोडा. तिथे जाडी वाढवून ताकद येईल असं नायलॉनच्या अनुभवावरून वाटतं, एलसीपीत उलटा अनुभव येऊ शकतो. पार्टच्या वरच्या थरात रेणू प्रवाहाच्या दिशेला कडक लागलेले असतात, आतल्या गाभ्यात तेवढे नाही. भिंत पातळ असेल तर जवळजवळ सगळाच वरचा थर, म्हणून पातळ पार्ट त्याच्या जाडीच्या मानाने भलताच कडक आणि मजबूत लागतो. जाडी वाढवली की वाढतो तो गाभा, म्हणजे कमी कामाचा भाग.

पार्ट वाकण्याचंही मूळ याच दिशेत आहे. प्रवाहाच्या दिशेला आकुंचन अगदी थोडं, आडव्या दिशेला जास्त. बिनग्लासच्या ग्रेडला प्रवाहाच्या दिशेला शून्याजवळ आणि आडवं ०.७ टक्क्यापर्यंत, ग्लासवाल्याला साधारण ०.१-०.२ आणि ०.४ च्या आसपास. इथे अजून एक उलटी गोष्ट लक्षात आली का? नायलॉनमध्ये ग्लास घातलं की दोन दिशांमधला फरक वाढतो आणि पार्ट जास्त वाकतो. एलसीपीत ग्लास घातलं की फरक कमी होतो, कारण फायबर रेणूंच्या कडक रांगा थोड्या विस्कटतात. म्हणून "ग्लास काढून टाकला तर वाकणं थांबेल का" असं कुणी सुचवलं असेल तर नका ऐकू. वाकण्यावर इलाज परत गेटच, प्रवाह दोन्ही बाजूंना सारखा गेला पाहिजे, आणि भिंतीची जाडी एकसारखी. डायच्या दोन्ही भागांचं टेम्परेचर वेगळं करून थोडं सरळ करता येतं, पण ती मलमपट्टी आहे. डाय ८० ते १२० च्या मध्ये कुठेतरी ठेवा, त्याच्या वर नेऊन फारसा फायदा मी तरी बघितला नाही.

स्पीड वाढवताना एक धोका सांगून ठेवतो. साधं प्लास्टिक बारीक भोकातून बाहेर पडलं की फुगतं आणि भिंतीला टेकतं. एलसीपी जवळजवळ फुगत नाही. प्रयोगशाळेत तर अशा द्रावणांमध्ये ठरावीक वेगाला उलट्या खुणेचा दाब मोजला गेलाय, किस आणि पोर्टर यांनी १९७८ मध्ये, म्हणजे साधं पॉलिमर जिथे दोन प्लेटांना दूर ढकलतं तिथे हे जवळ ओढतं. त्या काळी लोकांना मशीन बिघडलंय असं वाटलं असलं तर त्यांचा दोष नाही. आपल्या कामापुरता अर्थ एवढाच की गेटमधून निघालेली धार समोर काही अडवायला नसेल तर दोऱ्यासारखी सरळ पलीकडे जाते आणि पार्टवर सापासारख्या रेषा दिसतात. गेट असा असावा की मेल्ट लगेच एखाद्या भिंतीवर किंवा पिनवर आदळेल. तुमच्या पार्टवर अशा रेषा असतील तर स्पीड पूर्ण कमी करू नका, फक्त सुरुवातीचा थोडासा स्ट्रोक हळू आणि मग पूर्ण वेग, मशीनमध्ये स्टेज असतीलच.

तर ट्रायल अशी घ्या. दाणा सुकवा, बॅरल परत २९० च्या आसपास आणा, होल्ड शून्य करा आणि फक्त स्पीड पायरीपायरीने वाढवत पार्ट ९५ टक्क्यापर्यंत कुठल्या स्पीडला भरतो ते लिहून ठेवा. प्रत्येक पायरीला इंजेक्शनचं पीक प्रेशरही लिहा. पीबीटीत स्पीड वाढवला की प्रेशर बऱ्यापैकी चढतं, इथे ते फार कमी चढेल, कधी जवळजवळ तेवढंच राहील. ते कागदावर बघितलं की ऑपरेटरलाही पटतं, मला दहा मिनिटं समजावून जे जमत नाही ते त्या आकड्यांनी जमतं. त्यानंतर होल्ड, मग नोझलचं टेम्परेचर, मग सक-बॅक, एका वेळी एकच. शॉर्ट आणि फोड इथपर्यंत सुटायला हरकत नाही.

वेल्ड लाइन यातून सुटणार नाही, ती टूलरूमचीच आहे. त्यामुळे डाय परत उघडायची वेळ येणार हे गिऱ्हाइकाला आत्ताच सांगून टाका, माल गेल्यावर सांगण्यापेक्षा बरं. ग्रेडचं नाव, गेट कुठे आहे आणि पिनची भोकं कुठल्या ओळीत आहेत त्याचं साधं हाताने काढलेलं चित्र टाकलंत तर ओव्हरफ्लो कुठे काढायचा ते सांगतो.